रत्नागिरी ते जयगड, वारा तोंडावर: रविवारच्या वेगवान राइडचा अनुभव

रत्नागिरीहून दर रविवारी पहाटे एक वेगवान सायकल राइड सुटते. नोव्हेंबरपासून मी तिच्यात ११ वेळा गेले. त्यातली फेब्रुवारीतली जयगडची राइड सगळ्यांत वाऱ्याची झाली, आणि ही राइड चालवणारी माणसं किती जाणती आहेत ते मला त्या दिवशी नीट कळलं. म्हणून त्या एकाच दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

राइडचं नाव देत नाही, कारण चालवणाऱ्या नवराबायकोने तशी विनंती केली आहे. गट १८ सायकलींच्या वर गेला की आपल्या रस्त्यांवर सांभाळता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरात एकदा २६ जण आले, तेव्हा त्यांनी ८ जणांना हात जोडून माघारी पाठवलं होतं. पहाटे उठून आलेल्यांना किती वाईट वाटलं असेल ते मला समजतं, पण पुढे निवळीकडे ट्रक ज्या तऱ्हेने अंगावरून गेले ते पाहता त्यांचा निर्णय बरोबरच होता. शहरात रोज सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता मिळेल. दोघांचं सायकलींचं दुकान आहे. सगळे त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते.

एका राइडचे ३०० रुपये. त्यात नाश्ता, चहा, पाणी आणि मागून येणारी व्हॅन. व्हॅनमध्ये ट्यूब, उभा पंप, चेन जोडायची हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी असते. व्हॅन चालवणारे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. हा रस्ता त्यांना वळणागणिक पाठ आहे. कुठल्या वळणावर समोरची गाडी दिसत नाही आणि कुठल्या गतिरोधकाचे पट्टे पुसले गेलेत, हे ते निघण्याआधीच सांगून ठेवतात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सोमवार ते शनिवार सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दारात उभी असतात, त्यामुळे सायकलीला मिळतो तो एक रविवारच. तो वाया गेलेला मला चालत नाही.

शनिवारी रात्री निरोप आला: "उद्या पावस रद्द. जयगडला जाऊ. वारा वायव्येचा आहे, रात्री पडणार नाही. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. उंच रिमवाल्यांनी चाकं बदलून यावं." निरोप आला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ही माझी जुनी तक्रार आहे. ज्याला दोन घरची कामं आवरून निघायचं असतं त्याला मार्ग संध्याकाळी सातपर्यंत कळायला हवा. दक्षिणेचं पावस आणि उत्तरेचं जयगड यांत अंतराचाच निम्म्याहून जास्त फरक पडतो. भाऊंचं उत्तर असं की वाऱ्याचा अंदाज रात्रीच पक्का होतो. खरं आहे, पण मग दोन्ही मार्गांची शक्यता आधी कळवून ठेवावी.

पावस रद्द का केलं, हे समजायला इथला वारा माहीत हवा. एरवी थंडीत पहाटे मतलई वारा असतो, डोंगराकडून समुद्राकडे, गार आणि हलका. दहा-अकराच्या सुमाराला तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, बहुतेक वायव्येचा. माझं माहेर काळबादेवीचं. बाबा तरुणपणी शिडाच्या होडीने मासेमारीला जात, ते याच वाऱ्यांच्या भरवशावर. पहाटे मतलईने होडी बाहेर न्यायची, दुपारी खाऱ्या वाऱ्याने घरी आणायची. दोन्ही वेळा वारा कामाला यायचा. सायकल किनाऱ्याच्या कडेने चालते, दक्षिणोत्तर, म्हणून तिला हे सुख नाही. वायव्येचा वारा असताना तुम्ही पावसला गेलात तर जाताना मजा, आणि दमून परत येताना तोच वारा छातीवर. त्यापेक्षा पाय ताजे असताना उत्तरेला तोंड करावं. तिकडे उत्तर हिंदुस्थानात थंडीची लाट आली की आपल्याकडे दोन-तीन दिवस उत्तरेकडचा वारा रात्रीही थांबत नाही, मतलईला वाव मिळत नाही. तो रविवार तसाच होता.

सहाला मारुती मंदिराशी १६ जण जमलो. मागचा लाल दिवा आणि हेल्मेट नसेल त्याला भाऊ सोबत घेत नाहीत. एका पोराचा दिवा बंद पडला होता, वहिनींनी स्वतःच्या पिशवीतला काढून दिला. वहिनी नेहमी सगळ्यांत मागे असतात. गटात पायाला सगळ्यांत जोर त्यांच्याच आहे, आणि तरी त्या पाच महिन्यांत मला कधी पुढे दिसल्या नाहीत. यावरून ही राइड कशी चालते त्याची कल्पना येईल. दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गटाबरोबर गेले होते. तिथे ट्यूब बदलायला थांबले तर सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, एकटी राहिले, पुढचे सगळे निघून गेलेले. फोनला रेंज नव्हती. त्यानंतर वर्षभर मी कुणाबरोबरच गेले नाही.

पहिला फटका साखरतरच्या पुलावर बसला. तिथवर घरं आणि झाडं होती, पुलावर काहीच नाही. हँडल आपोआप उजवीकडे ओढलं गेलं. भाऊंनी हात वर करून वेग कमी केला आणि सगळ्यांना एका ओळीत घेतलं.

काळबादेवीत अजून उजाडलं नव्हतं. बाबा गडग्याशी, दगडी कुंपणाशी, मफलर गुंडाळून उभे होते. मी त्या बाजूने जाणार असले की ते उभे राहतातच. मी वेग कमी केला तसे म्हणाले, "आज एकसुद्धा होडी गेलेली नाय. तू कुठं चाललीस?" मी म्हटलं, "जयगडला, बाबा." "मग येताना उडत येशील," म्हणाले, आणि मागे येणाऱ्या वहिनींना हात केला.

आता मुख्य गोष्ट, आडोशाची. माझ्या मते या राइडचे पैसे द्यायचे ते याच्यासाठी.

सायकलवाल्याच्या ताकदीतला मोठा हिस्सा हवा बाजूला सारण्यात जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो. आम्ही २२ च्या वेगाने जात होतो आणि समोरून २५ चा वारा होता, म्हणजे अंगावर येणारी हवा ४७ ची. शांत दिवशी ताशी ४७ किलोमीटरने सायकल मारावी तेवढा रेटा छातीवर. एकट्याने असं दोन तास कोण करील? पण पुढच्याच्या मागे हातभर अंतरावर राहिलात तर भार लक्षात येण्याइतका उतरतो, म्हणून पुढची जागा पाळीपाळीने घ्यायची. पाळी एक मिनिटाची. वारा फारच असेल तर तीस सेकंदांची. पाळीत जोर दाखवायचा नाही. आदल्याने २२ ठेवले तर आपणही २२ च ठेवायचे. अंगात आहे म्हणून २५ केले की चौथ्या सायकलीवरचा माणूस तुटतो, आणि तो तुटला की सगळ्यांनाच थांबावं लागतं. भाऊ हे दर रविवारी सांगतात. दर रविवारी एक तरी नवा मुलगा ते विसरतो, आणि मग ते त्याच्या शेजारी जाऊन हळू आवाजात पुन्हा सांगतात. त्यांना मी आजवर ओरडताना ऐकलेलं नाही.

हे सगळं समोरच्या वाऱ्याचं. तिरका वारा आला की आडोसाही सरकतो. उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला, वारा डावीकडून समोरून, म्हणून आडोसा पुढच्याच्या मागे उजवीकडे पडतो. टीव्हीवर शर्यतींत सायकलींची तिरकी ओळ दिसते, तिला एशलॉन म्हणतात, ती याचसाठी. पण शर्यतीत रस्ता बंद असतो. आपल्याकडे उजवीकडे सरकायचं म्हणजे रस्त्याच्या मध्यावर जायचं, जिथून गणपतीपुळ्याला निघालेली पर्यटकांची गाडी येणार. भाऊंनी यावर काढलेला उपाय मला फार आवडला. चारचारच्या तिरक्या ओळी करायच्या. चार सायकली आपल्या अर्ध्या रस्त्यात बसतात, पाचवा माणूस मध्याच्या रेघेवर जातो, म्हणून पाचव्याने मागे राहून स्वतःची नवी ओळ सुरू करायची. दोन ओळींत साधारण तीस मीटरचं अंतर, म्हणजे मागून आलेल्या गाडीला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येतं. पाळी संपलेल्याने डावीकडे, वाऱ्याच्या बाजूला सरकायचं आणि पाय हलके करून ओळीच्या शेवटी यायचं. सुरुवातीला मला हे नाचासारखं अवघड वाटायचं. आता पाय आपसूक समजतात.

दोन ठिकाणी सुरूचं बन लागतं. तिथे वारा वरच्या वर अडतो आणि त्या झाडांचा तो एकसारखा आवाज ऐकू येतो. तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायचं. बन संपतं तिथे हँडल घट्ट धरायचं, हे काकांनी आधीच बजावलेलं असतं. परतताना वारा उजवीकडून असतो, तेव्हा एसटी शेजारून गेली तरी तेच. क्षणभर वारा अडतो, आपण नकळत उजवीकडे झुकलेले असतो, आणि गाडी पुढे गेली की पुन्हा धक्का.

आरे-वारेच्या घाटात चढण संपली की उजाडलेलं असतं आणि खाली दोन्ही बाजूंना किनारा दिसतो. तिथे आम्ही १५ मिनिटं थांबलो, फोटोंसाठी. ही माझी दुसरी तक्रार. तो देखावा मी शंभरदा पाहिलाय आणि तरी मला तो हवा असतो, पण घामेजल्या अंगाने अशा वाऱ्यात पाच मिनिटांच्या वर उभं राहू नये. माझ्या मांड्या आखडल्या. दोघा-तिघांनी पुढे गणपतीपुळ्यापर्यंत पायात गोळे आल्याचं सांगितलं. वेगवान राइड म्हणवायची तर थांबाही आखीव हवा.

त्या उतारावरच निरोपातल्या उंच रिमचं कारण दिसलं. माझ्याजवळही अशी चाकं होती, ५० मिलिमीटर उंचीची. एका मोठ्या शहरातल्या दुकानात मला ती "वेग वाढेल" म्हणून विकली, मी कुठे चालवते हे एका शब्दाने न विचारता. चार महिन्यांचे साठवलेले पैसे त्यात गेले. बाजूचा वारा उंच रिमला शिडासारखा ढकलतो, आणि पुढचं चाक ढकललं गेलं की दिशाच बदलते. गेल्या वर्षी याच उतारावर, डोंगराच्या खिंडीतून आलेल्या झोताने मी दीड हात सरकले होते. मुंबईच्या सपाट रस्त्यावर, शांत सकाळी ती चाकं चांगली असतीलही. आपल्या किनाऱ्याला साधी कमी उंचीची रिम आणि २८ मिलिमीटर रुंदीचे टायर घ्या. भाऊंनी माझी चाकं बदलून दिली तेव्हा जुनी विकून देण्याचंही पाहिलं, आणि त्यात स्वतःसाठी काही ठेवलं नाही.

गणपतीपुळे, मालगुंड पटकन मागे पडलं. मालगुंड केशवसुतांचं गाव, स्मारकाच्या दिशेला मी मान लववते एवढंच. त्यानंतर सडा सुरू झाला.

सडा ज्याने पाहिला नाही त्याला सांगते. जांभ्या दगडाचं उघडं पठार, पावसाळ्यात हिरवंगार, फेब्रुवारीत वाळलेलं पिवळं गवत आणि काळपट कातळ. आडोसा म्हणावा असं झुडूपही नाही. तिथे वारा ३० च्या वर असावा, कारण गवत जमिनीला टेकलेलं होतं. वेग १८ वर आला. कुणी बोलत नव्हतं. ऐकू यायचं ते फक्त मागून वहिनींचं "चाक सोडू नका, चाक सोडू नका."

इथेच एक मुलगा पडला. कॉलेजातला, दुसऱ्यांदाच आलेला. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला समांतर आलं होतं, झोत आला, मी दोन बोटं सरकले आणि चाकं घासली. माझ्या सायकलीला काही झालं नाही, तो डावीकडे गवतात गेला. अशा वेळी बहुतेक मागचाच माणूस पडतो, पुढचा क्वचित, हे मला माहीत होतं, तरी माझे हात थरथरत होते. वहिनी क्षणात त्याच्याजवळ होत्या, व्हॅन दोन मिनिटांत आली. कोपर सोललं होतं, हेल्मेटला ओरखडा. काकांनी जखम धुऊन पट्टी बांधली. वहिनींनी त्याच्या डोळ्यांत बघत नाव, वार, कुठून निघालो असे चार प्रश्न विचारले, मग मनगट आणि खांद्याचं हाड दाबून पाहिलं. तो सायकलीवर बसायला निघाला तर त्यांनी ठामपणे व्हॅनमध्ये बसवलं. "हेल्मेट आपटलंय बाळा, आज पुरे." ते हेल्मेटही पुन्हा वापरायचं नाही असं सांगितलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. पण लॅबमध्ये मी अशी माणसं पाहते, ज्यांना डोक्याचा मार दुसऱ्या दिवशी जाणवतो. वहिनींनी केलं ते शंभर टक्के योग्य होतं.

साडेआठच्या पुढे जयगडला पोचलो. किल्ल्याजवळ एका घरी नाश्ता सांगितलेला असतो. घावणे, ओल्या नारळाची चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ, चहा. घावणे जाळीदार आणि गरम, तव्यावरून थेट पानात. उसळ मात्र झणझणीत होती. त्यानंतर ४५ किलोमीटर जोरात जायचं तर ती पोटाला जड जाते. मी दोन घावणे गूळ लावून खाल्ले, मिठाची चिमूट घातलेलं कोकम सरबत प्यायले आणि उसळ बाजूला ठेवली. नव्या माणसानेही तसंच करावं.

खाताना मी वहिनींना विचारलं, आता वारा पाठीवर, मग परतताना तिरकी ओळ कशाला? त्यांनी टेबलावर पाण्याने रेघा ओढून दाखवलं. वारा वायव्येचा, म्हणजे आपल्याला उजव्या बाजूने मागून. पण आपण ३८ ने चाललो तर मागून येणाऱ्या वाऱ्याला आपण मागे टाकतो. मग अंगावर येणारी हवा समोरूनच, पण उजवीकडून तिरकी. म्हणून आडोसा आता डावीकडे, रस्त्याच्या कडेला. आणि कडेला काय असतं? रेती आणि जांभ्याची खडी. म्हणून परतताना पुढच्याने कडेपासून चार हात आत राहायचं, मागच्या तिघांसाठी चांगला रस्ता सोडायचा. इतकी वर्षं वाऱ्याच्या गावात वाढले आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना नंतर विचारलं तर म्हणाले, "शिडाला पण तसंच असतं, होडी पळायला लागली की वारा पुढं सरकतो."

परतीचा सडा आम्ही जवळजवळ न बोलताच पार केला, पण ती शांतता वेगळी होती. ३८, ४०, एका उतारावर ५१. कानात वाऱ्याचा आवाज एकदम कमी झाला होता, टायरची घरघर आणि चेनची टिकटिक ऐकू येत होती. चौघं एकाच लयीत, माझी पाळी आली तेव्हा पायाखाली सायकल आहे हेही जाणवेना. मी ४३ वर्षांची आहे. शाळेत खेळाच्या तासाला मला कधी संघात घेतलं नाही. त्या सड्यावर तीन जण माझ्या चाकामागे विश्वासाने होते, आणि मी ३८ चा काटा हलू दिला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने आलं असं मी म्हणणार नाही.

वाटेत आंब्याच्या बागांखाली गळलेल्या मोहराचा सडा पडला होता. बागायतदारांच्या जिवाला असा वारा घोर लावतो, आमच्या आनंदात ते विसरता येत नाही. काळबादेवीत बाबा पुन्हा उभे होते. या वेळी थांबता आलं नाही, नुसता हात केला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मारुती मंदिर. सुमारे ९० किलोमीटर, थांबे सोडून ३ तास ३७ मिनिटं.

या राइडला कुणी जावं? शांत हवेत सपाट रस्त्यावर ज्याला तासभर २८ राखता येतात त्याने. त्याखालच्यांसाठी पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी संथ राइड असते, दोन महिने ती करून मग इकडे यावं. फडफडणारा विंडचीटर आणू नका, तो वाऱ्यात पोत्यासारखा फुगतो. अंगाला चिकटणारं बिनबाह्यांचं जाकीट पुरतं. होळीनंतर राइड सव्वापाचला सुटते.

एक तक्रार मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती मी त्यांनाही लेखी दिली होती. साडेचार तासांत बायकांसाठी स्वच्छतागृहाचा एकही ठरलेला थांबा नव्हता. पुरुष सड्यावर कुठेही आडबाजूला जातात. आम्ही तिघी पाणी कमी पिऊन काढत होतो, आणि वाऱ्यात घाम वाळतो म्हणून तहान कळत नसली तरी शरीर सुकत असतं. वहिनी स्वतः बाई असून हे राहून गेलं, याचं मला वाईट वाटलं होतं. सोमवारी मी लिहिलं. गुरुवारी त्यांचा फोन आला, "ताई, आम्ही इतकी वर्षं सवयीने सहन करत आलो, बोललं कुणी नाही." पुढच्या रविवारी मालगुंडात त्यांच्या ओळखीच्या एका घरी थांबा होता, जाताना आणि येतानाही. घरातल्या आजींनी अंगणात पाण्याची घागर भरून ठेवली होती आणि आम्हा तिघींना हातावर गूळशेंगदाणे दिले.